शेवटच्याला मोजायचं नाही

रविवार, ४ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. रिटायर झालो त्याच दिवशी सुरू करणार होतो, पण मनासारखी वही मिळेना. त्यात दोन वर्षं गेली.

मुलीनं परस्पर माझं नाव 'रविवार पायपीट मंडळा'त घातलंय. फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही घरात बसून भिंतींशी बोलता. साफ खोटं. मी रेडिओला उत्तरं देतो, त्यात फरक आहे. ही गेल्यापासून सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय की मला सोबत हवी. मला सोबत नको. त्या मंडळाला मात्र शिस्तीची गरज असणार. छत्तीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक नट इकडचा तिकडे झाला नाही. जाऊन बघतो काय कारभार आहे ते.

रविवार, ११ ऑक्टोबर

माझ्यासकट चौदा माणसं, बाकीची सगळी हसरी. सकाळी सात वाजता एवढं हसण्यासारखं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रमुख म्हणजे शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेल्या मॅडम. गळ्यात शिट्टी. त्या सर्वांत पुढे. सर्वांत मागे नारिंगी जॅकेट घातलेला एक जण, त्याला 'शेपटी' म्हणतात. शेपटीच्या मागे कोणी राहायचं नाही आणि शेपटीनं कोणाला ओलांडायचं नाही. वाटेत तीन लाकडी फाटकं लागतात. प्रत्येक फाटकापाशी शेपटीनं माणसं मोजायची आणि आकडा ओरडून सांगायचा. पहिला आणि शेवटचा सोडून, म्हणजे मॅडमना मोजायचं नाही आणि शेपटीनं स्वतःला मोजायचं नाही. हे त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. मोजणी कशी करायची, हे मला!

चढ किरकोळ होता. मी मागे राहिलो, पण ते निरीक्षणासाठी.

बरोबर एक टेलर होता. दुकान मुलाच्या हवाली करून मोकळा झालेला. मला 'साहेब' म्हणतो. माणूस बरा आहे, फक्त त्याच्या बुटाची नाडी दर दहा मिनिटांनी सुटते. चाळीस वर्षं सुई-दोऱ्यात गेली आणि धड गाठ मारता येत नाही, कमाल आहे. दगडावर बसतो आणि कोटाला काज करत असल्यासारखी निवांत बांधतो. मग मलाही बसावं लागतं. माणुसकी म्हणून बसलो.

रोज जिना चार वेळा चढायचा. उद्यापासून.

बुधवार, १४ ऑक्टोबर

जिना एकदा. चोपन्न पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचा नोटीसबोर्ड आहे, तो वाचायला थांबलो. टाकी धुण्याची नोटीस मार्चमधली आहे. कोणी काढत नाही. रोज वाचतो म्हणून मला माहीत.

रविवार, १८ ऑक्टोबर

नाडी नऊ वेळा सुटली. मोजली. मी त्याला स्पष्ट सांगितलं की चिकटपट्टीचे बूट घ्या. तो हसला. म्हणाला, बूट जुने आहेत आणि खोड त्याहून जुनी.

उकडलेलं अंडं दिलं त्यानं मला, सोलून. हिची चौकशी केली. मी काही बोललो नाही. थोडं बोललो. हॉस्पिटलमधले शेवटचे तीन दिवस वगैरे सांगितलं. तो मधे एक शब्द बोलला नाही, म्हणून बरंच सांगून झालं. अशिक्षित माणसाजवळ बोलायला संकोच वाटत नाही, एवढंच.

रविवार, २५ ऑक्टोबर

मॅडमना मंडळाच्या सुधारणेसाठी अकरा कलमी पत्र दिलं. शेवटच्या कलमात प्रमुख बदलण्याविषयी सूचक मजकूर आहे. नोव्हेंबरअखेर मोठी पायपीट असते, तेव्हा शिट्टी माझ्या गळ्यात असायला हरकत नाही.

त्यांनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि मला शेपटी केलं. सुरुवात म्हणून ठीक. टेलरनंच नाव सुचवलं म्हणे. म्हणाला, साहेब मागे असले की कोणाला घाई करावी लागणार नाही. माणसाची पारख आहे त्याला.

रविवार, १ नोव्हेंबर

जॅकेट अंगावर चांगलं दिसतं. बारा, बारा, बारा. तिन्ही फाटकांवर आवाज खणखणीत. मॅडम म्हणाल्या, शाब्बास.

टेलर माझ्या बरोबर पुढे होता. नाडी सात वेळा. अधिकारपदावर असताना सारखं खाली बसणं शोभत नाही. पुढच्या खेपेला काहीतरी केलं पाहिजे.

सोमवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

नीट लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी उलटसुलट बोलायला नको.

काल दाट धुकं होतं. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. दुसरं फाटक, बारा. तिथून वाट टेकाडावर चढते, वर जुन्या दगडखाणीच्या कडेनं जाते आणि तिसऱ्या फाटकाशी उतरते. टेकाडाच्या पायथ्यानं एक सपाट गाडीवाटही जाते, ती आखूड आहे. त्या वाटेची पाहणी व्हायला हवी, असं माझ्या बरेच दिवस मनात होतं. म्हणून मी खालून गेलो. छातीत थोडं भरून आलं होतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

तिसऱ्या फाटकाशी पोचलो तेव्हा मंडळी जमली होती. गारठ्यानं सगळे पाय आपटत होते. मॅडमनी पुढून आकडा विचारला. मोजले, अकरा. परत मोजले, अकरा. एक जण मोजायचा राहिला हे लगेच माझ्या लक्षात आलं. मीही माणूसच की. बारा म्हणून ओरडलो. निघालो.

बसस्टॉपवर मॅडमनी स्वतः मोजले. टेलर नव्हता. मला बाजूला घेऊन विचारलं, तुम्ही स्वतःला तर नाही ना मोजलंत? मी नाही म्हणालो. छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला असा प्रश्न विचारत नाहीत.

आज पहाटे बचावपथकाला सापडला. खाणीत पडला होता. खुबा मोडलाय. रात्रभर त्या थंडीत होता. मॅडमचा फोन आला होता. शुद्धीवर आल्याबरोबर त्यानं विचारलं म्हणे, साहेब सापडले का? तापात बरळत असणार. हरवला स्वतः आणि चौकशी माझी.

बुधवार, ११ नोव्हेंबर

हॉस्पिटलला गेलो. काल जाणार होतो, पण भेटीच्या वेळा नक्की माहीत नव्हत्या. परवाही नव्हत्या.

नाकाला ऑक्सिजन होता. मी उकडलेली अंडी नेली होती, ती स्टुलावर ठेवली. त्यानं डोळे उघडले आणि माझा हात धरला. म्हणाला, "तुम्ही बरे आहात ना साहेब? नेहमीसारखा दगडावर बसून वाट बघत होतो. जॅकेट काही दिसेना. वाटलं मागं कुठंतरी पडलात."

शेपटी पुढे जाऊच शकत नाही, तसा नियम आहे. म्हणून तो मागे उतरला. मला शोधायला.

मी त्याला अंडं खा म्हणालो.

शनिवार, १४ नोव्हेंबर

टेलर गेला. न्यूमोनिया. सकाळी सव्वानऊ.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

मंडळाची सभा झाली. मॅडमनी अहवाल वाचला. सदस्य स्वतःहून मागे फिरले, असं एक वाक्य त्यात होतं आणि ते खरंच आहे. शेपटीचा आकडा बरोबर होता, तेव्हा चूक पुढच्याची, धुक्यात मीच वेग आवरायला हवा होता, असं त्यांनी पुढे लिहिलं होतं. प्रमुखपद सोडलं. शिट्टी टेबलावर ठेवली आणि चष्मा काढून रुमालानं पुसत बसल्या. त्यांच्याकडे कोणी बघेना.

सगळ्यांनी अहवालावर सही केली. मीही केली. सभेत मधेच हात वर करून बोलणं बरं दिसत नाही. मॅडमशी वेगळं बोलेन. गुरुवारी.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

काल पाऊस होता. मुलीचा फोन आला. म्हणाली, बाबा, तुमची काही चूक नाही, मॅडमनी सांगितलंय मला. पुढचं बोलायच्या आत रेंज गेली. म्हणजे फोन मीच ठेवला.

मंडळाचं पत्र आलंय. पायपीट बेमुदत बंद.

रविवार, २२ नोव्हेंबर

टेलरच्या घरी गेलो. तिसरा मजला. दुकान खाली रस्त्यावर, राहायचं वर. दारामागे त्याचे बूट होते, चिखल तसाच.

काहीतरी बोलायचं म्हणून मी वहिनींना म्हणालो, ती नाडी नीट बांधत असते तर असे मागे पडले नसते. त्यांनी ते बूट उचलून बाजूला ठेवले. मग शांतपणे म्हणाल्या, "नाडी सैल करूनच निघायचे ते. म्हणायचे, साहेबांना दम लागतो, पण तोंडानं सांगवत नाही. मी बसलो की तेही बसतात."

मला दम लागत नाही असं मी सांगणार होतो. पण नुकताच तीन जिने चढून आलो होतो, बोलता आलं नाही. वहिनींनी खुर्ची पुढे केली आणि पाणी आणून दिलं. मी प्यालो.

शनिवार, २८ नोव्हेंबर

सहा दिवस काही लिहिलं नाही. अंडी आणली होती, ती उकडली नाहीत. रेडिओ बंद आहे. त्याच्याशी बोलावंसं वाटत नाही.

मी स्वतःला मोजलं. मी वाट सोडली, आकडा चुकवला आणि खोटं बोललो. हे इथे लिहिता येतं. तोंडानं म्हणून बघितलं, तेही म्हणता आलं, पण घरात कोणी नव्हतं.

उद्या मॅडमकडे जायचं. चोख सांगायचं. सकाळी आठला निघणार. ठरलं म्हणजे ठरलं.

रविवार, २९ नोव्हेंबर

आज मोठी पायपीट होती, म्हणजे असायची होती.

साडेनऊला निघालो. मॅडमचं घर चढावर आहे, हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं. एकूण बाराएक मिनिटांची वाट. काय काय बोलायचं ते क्रमानं पाठ केलं होतं, पत्रासारखं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि छाती भरून आली. कडेला एका घराची पायरी होती, तिच्यावर बसलो.

समोरून एक बाई पिशव्या घेऊन उतरत होत्या. थांबल्या. काका, बरं वाटत नाहीये का, पाणी देऊ का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, छे छे, नाडी सुटलीय. त्या जाईपर्यंत वाकून नाडी सोडली आणि परत बांधली.

मॅडमच्या घराची खिडकी तिथून दिसते. त्या आत होत्या, पडदा हलला. मी बराच वेळ बसलो. श्वास केव्हाच जागेवर आला होता.

मग घरी आलो. येताना उतार आहे, दम लागला नाही.