ग्लोरियाच्या आईचा पिवळा झगा

मंगळवार, लेस्टर

चिंध्या अशा टेबलावर टाकून कोण जातं? मी इथल्या कम्युनिटी सेंटरची क्लीनर, जुनं मऊ कापड दिसलं की फडकं करणारच. केलं.

दुपारी काळ्या बायकांचा ग्रुप आला. गोधडी शिवता शिवता मन मोकळं करतात त्या. ग्रुप चालवणारी ग्लोरिया पिवळा तुकडा शोधत होती. वारलेल्या आईच्या झग्याचा. तो माझ्या ब्लीचच्या बादलीत!

ओरडली असती तर बरं. म्हणाली, "यू डिडन्ट नो, डार्लिंग. गुरुवारी ये, तूच शिव तो गोधडीत."

डिडन्ट नो कसलं! माझी आई लुगड्यांच्याच गोधड्या शिवायची की. तो पिवळा तुकडा घरी आणून धुतला. पांढरे डाग तसेच.

कोणत्या तोंडानं बसू तिच्याशेजारी? जाणार आहेस का, बये? उद्या रात्रीपर्यंत काय ते ठरव.