बार्दोकच्या शेजारची जागा

मिराश काका,

हे पत्र मी तुम्हाला देणार नाही.

आपल्या कुळाच्या चौदा पिढ्या दगडावर कोरायच्या आणि नावं मी तपासायची, असं तुम्ही ठरवलंत. "यात बाई एकही कशी नाही?" असं मी विचारलं, तर हसलात. "अगं म्रिका, लेकी लग्न होऊन जातात. गेलेल्यांची नावं कोण कोरतं? बार्दोकचं नाव मात्र ठळक काढ. तसा पुरुष आपल्यात दुसरा झाला नाही."

चर्चच्या वहीत बार्दोकचा बाप्तिस्माच नाही. त्या घरात सापडली ती प्रेंदा नावाची मुलगी. तिच्या लग्नाची नोंद नाही, मृत्यूची नाही. समासात पाद्र्याने लिहिलंय: "तिन्ही भाऊ सूडात मारले गेले. हिने बारा साक्षीदारांसमोर केस कापले, आजन्म कुमारी राहून पुरुष म्हणून जगण्याची शपथ घेतली आणि बंदूक उचलली. यापुढे हिला बार्दोक म्हणावे."

भावाचं तान्हं पोर तिनेच वाढवलं. आपण सगळे त्याचे वंशज.

बायकांची नावं पुसू नका, असं मी आयुष्यभर चौकाचौकांत ओरडत आले. पण हे नाव तिने स्वतः पुसलंय. लिहिलं तर तिची शपथ मोडते, नाही लिहिलं तर माझी भाषणं खोटी ठरतात. तीन दिवस ती कापलेल्या केसांनी माझ्या डोळ्यांसमोर बसली आहे.

उद्या बार्दोकच कोरला जाईल. शेजारी एका नावाएवढी जागा मी सोडायला सांगितली आहे. विचारलंत तर म्हणेन, दगड तिथे कच्चा होता.

लग्न होऊन न गेलेली तुमची पुतणी,
म्रिका