गोंदियाची गाडी बंद

३ जुलै
काल गावात बैठक झाली. गावातल्या एकीनं गोंदियात परजातीच्या मुलाशी लग्न केलं, म्हणून आता कोणाचीच पोरगी गाडीनं कॉलेजला जाणार नाही असं ठरलं. लग्न तिचं, शिक्षा आम्हाला. माझं बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. बैठकीत बाबूजी गप्प होते. घरी येऊन म्हणाले, "आता घरीच राह्य." जेवले नाहीत मात्र.

५ जुलै
मनीषाकडे गेले. दोन वर्षं सालेकशाहून गोंदियाला सोबत जात होतो. तिलाही बंदी. ती रडली. मला रडू येईना, नुसता राग.

१४ जुलै
धानाचा रोवणा सुरू. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची. काकू म्हणाली, "बरं झालं, घरचे दोन हात वाढले." कामाचं काही नाही, सुट्टीत मी आधीही करायचेच. पण गाडीची शिट्टी आली की मान आपोआप वर... जाऊ दे.

२२ जुलै
मनीषाचं लग्न ठरलं. मुलगा बालाघाटकडचा. "घरी बसून तरी काय करून राहिली असती मी?" म्हणते. तिला एम.एस्सी. करायचं होतं. मुलाकडच्यांना तिनं हे सांगितलंच नाही.

२९ जुलै
शेजारची पिंकी, नववीतली, गणितासाठी माझ्याकडे येते. आज आलीच नाही. बोलवायला गेले तर अंगणात भांडी घासत होती.
"ताई, पुढं जायाचंच नाई, तं गणित कायले शिकू?"
मीही तिच्यासोबत दोन भांडी घासली. तिला काय सांगावं, अजूनही सुचत नाही. घरी बसून तर सुचणारच नाही.

३० जुलै
सकाळीच बाबूजींना सांगितलं, सोमवारपासून कॉलेजला जाणार.
"लोक काय म्हणतीन?"
"ते ठाऊक आहे. तुम्ही काय म्हणता?"
त्यांनी चहा संपवला. मग फावडं उचलून शेताकडे गेले. 'हो' म्हणाले नाहीत. पण 'नाही'सुद्धा म्हणाले नाहीत.

३ ऑगस्ट
गेले! माय स्टेशनपर्यंत सोबत आली. मी नको म्हटलं तर, "चाल. तुले एकटीले काऊन बोलू देऊ लोकायले?" चौकात माणसं बसलेली. मायनं पदर सावरला, सरळ चालत राहिली.
लॅबमध्ये टायट्रेशन दोनदा बिघडलं. मॅडम ओरडल्या. तिसऱ्यांदा रंग बरोबर आला.

७ ऑगस्ट
निरोप आला, रविवारी बाबूजींनी पंचांपुढे यावं. काकू म्हणते, वाळीत टाकतील. मी म्हटलं, टाकू देत. माय तांदूळ निवडत राहिली.
बाबूजींना विचारलं, तिथं काय सांगाल?
"जाईन तं पाहीन."
मग म्हणाले, "तुही गाडी किती वाजता असते?"
दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारलं त्यांनी.