पऱ्हाटीची वीज

४ मे २००६, घाटंजी

कपिलनं बाजी मारली. कापूस निघाल्यावर उरलेली पऱ्हाटी जाळून वीज करणारा छोटा प्रकल्प आमच्या वीज ऑफिसच्या लाइनवर कुठे बसवायचा, हे साहेबांनी आम्हा दोघांना विचारलं होतं. मी म्हटलं सबस्टेशनजवळ – रस्ता पक्का, ट्रक येतील. तो म्हणाला शेवटच्या टोकाला, खैरटोक्याला. तिथं व्होल्टेज पोचतच नाही, विहिरीवरच्या मोटारी जळतात. साहेब खूष. "याले म्हणतात डोकं." माझ्यासमोर!

५ मे

डबा तसाच परत आणला.

११ मे

कपिल अब्बूंच्या दुकानात विहिरीवरची जळालेली मोटर नव्यानं तार भरायला घेऊन आला. अम्मीनं घरात बसवून शेवया खाऊ घातल्या. "गझाला, तुह्या ऑफिसातला पोरगा किती गुणी आहे." मी भांडी जोरात घासली.

१९ मे

सापडलं. पावसाळ्यात मोटारी बंद. टोकाला एवढी वीज खपणार कुठं? व्होल्टेज चढेल, गावातले पंखे-टीव्ही जळतील. टोकाच्या अलीकडे, धामणफाट्यावर बसवला तर टोकालाही पोचते आणि चढतही नाही.

पंखे वाचले याचा आनंद कमी, त्याची चूक निघाली याचा जास्त. इथं तरी खरं लिहावं.

२२ मे

साहेबांसमोर मांडलं. वाटलं, कपिल वाद घालेल. तो म्हणाला, "गझालाचं बराबर आहे साहेब. माह्या ध्यानातच आलं नाही."

जागा माझी ठरली. पाठ मात्र त्याची थोपटली – मन मोठं आहे म्हणून. हरणंसुद्धा यालाच शोभून दिसतं.

१० जुलै

त्याच्याशी कामापुरतंच बोलते. आज त्यानं विचारलंच, "माह्यं काही चुकलं का?"

"नाही."

चुकत नाही, हेच तर.

२८ जुलै

प्रकल्पवाल्या कंपनीचा माणूस आला. त्याच्यासोबत मी आणि कपिल जीपनं खैरटोक्यापर्यंत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन. कापूस कुठंतरी एखाद्या पट्ट्यात. तो माणूस वहीत टिपत गेला.

खैरटोक्यात विमलताईंची पिठाची चक्की आहे. दुपारी व्होल्टेज पडतं, ती फिरतच नाही. म्हणाल्या, "कापसानं लई मारलं बाई. यंदा समद्या गावानं सोयाबीन पेरलं. तुमची वीज कधी येते?"

कपिलनं माझ्याकडे पाहिलं. मी चक्कीकडे.

३ ऑगस्ट

पऱ्हाटीच मिळणार नाही म्हणून कंपनीनं प्रकल्प सोडला. विमलताईंना सांगायला आम्ही दोघं गेलो. दारातच मी कपिलला म्हटलं, "तू सांग. मले जमत नाही."