एका पंपाचे दोन सर्व्हर

हिंगोली, मंगळवार संध्याकाळ

आमच्या कंपनीचे पंप मोबाइलवरून चालतात. पुण्याच्या साहेबांना तीनदा सांगितलं, एका पंपाचे सगळे निरोप एकाच सर्व्हरकडे जाऊ द्या. "दोन्ही सर्व्हर सारखेच, मॅडम." सारखेच म्हणे!

आज हट्टा गावच्या एका काकांचा पंप एका सर्व्हरनं चालू केला आणि बंद करायचा निरोप गेला दुसऱ्याकडे. त्याच्याकडे हा पंप चालू असल्याची नोंदच नाही. काकांचा फोन आला, "ताई, हळदीत पानी भरून राहिलं, पंप काहून बंद होईना?"

मी पंपाच्या नंबरावरून त्याचा एकच सर्व्हर पक्का करून दिला, तेव्हा पंप थांबला.

मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "चूक आम्हीच शोधली." आम्ही? आणि मी काय केलं, तर मान डोलावली. साहेबांपेक्षा माझीच जास्त किळस येतेय.