फोनच्या मागे लावलेला कागद

अण्णा, तुमचं लोकरीचं आसन आज पुन्हा आपल्या पडवीत घातलं. त्यावर तुम्ही न पाहिलेली तुमची नात बसते, समोर पाटावर तांदळाच्या डब्याला टेकवलेला फोन आणि फोनमध्ये घाटावरचे एक गुरुजी. हल्ली पाठशाळा अशी भरते. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं दोनदा म्हणतात, संथेची रीत तुमचीच; फक्त रेंज गेली की श्लोक अर्ध्यात लोंबकळतो. अंघोळ करून बसायचं, मध्ये उठायचं नाही, हेही तुमचंच. एक नियम मात्र आम्हा पालकांसाठी आहे: मागून सांगायचं नाही.

तो मी मोडला. तिसऱ्या श्लोकाला ती दर वेळी अडायची आणि मला ते बघवायचं नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर प्रत्येक श्लोकाचा पहिला शब्द ठसठशीत लिहिला आणि फोनच्या मागच्या खांबाला चिकटवला. दोन आठवडे छान गेले. मग एक दिवस गुरुजी म्हणाले, "बाळ, आता डोळे मिटून म्हण." दुसऱ्या श्लोकानंतर ती थांबली ती थांबलीच. गुरुजी रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "ताई, मंगळवारी पुन्हा ऐकतो. तेव्हा तुम्ही घरात थांबू नका. नाही आलं तर पहिल्यापासून सुरू करू." फोन बंद झाल्यावर लेक माझ्यावर उसळली, "मी सांगितलं होतं तुला कागद लाव म्हणून? मला नकोच तो वर्ग!" तुमच्या घरची संथा माझ्याच हातून तुटणार, या धास्तीत आठवडा काढला.

सारखी ती जुनी सकाळ डोळ्यांपुढे यायची. तुम्ही बसलाय, आम्ही सहा मुलं समोर, कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या काकू आपल्या मुलाला शब्द पुरवतायत आणि तुम्ही मान वर न करता विचारताय, "वहिनी, संथा कोणाची चाललीय? तुमची असेल तर या, बसा." काकू जीभ चावून पळाल्या. त्याच दिवशी मी अख्खं स्तोत्र न अडता म्हटलं. तुम्ही उठलात, स्वतःच्या आसनाची घडी केलीत आणि माझ्या हातात ठेवलीत. "आता हे तुझं गो," म्हणालात.

मंगळवारी फोन लावून दिला आणि नारळी-पोफळीच्या आगराच्या टोकाला गडग्यावर जाऊन बसले. तिथे काही ऐकू येत नाही, तरी कान घराकडेच. ती अनवाणी धावत आली. "आई, तिसऱ्याला अडले गो." "मग?" "मग काय, गुरुजी गप्प बसले. मीपण बसले. मग आठवलं आपोआप. उद्यापासून पुढचं!" अण्णा, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी हसत होते आणि डोळे गळत होते. ती म्हणाली, "रडतेस काय गो? परीक्षा माझी होती."

हे पत्र आसनाच्या घडीत ठेवते. पोस्टात टाकावं असा पत्ता तुम्ही ठेवला नाहीत. पण एक सांगायचं राहिलंय. आसन दिलंत त्या सकाळी तुमची पाठ माजघराकडे होती. दारात आई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती आणि तिचे ओठ हलत होते. रोज ऐकून तिला सगळं पाठ होतं, तिला कोणी कधी म्हणायला सांगितलं नाही इतकंच. मी तिच्या ओठांकडे बघून म्हणत गेले. आसन तुम्ही मला दिलंत खरं, पण ते मिळवलं तुमच्या नातीनं.