सहा फूट दोन इंच

६ जानेवारी
सापडली! एकोणीस वर्षं घासतोय, आज माझी शैली सापडली. नारिंगी-पोपटी पट्टे, प्रत्येक पावणेतीन इंच. वरून निळ्या ठिपक्यांची तिरकी रांग — एकवीस, एकही कमी नाही. गुरू नाही, शाळा नाही, सगळं आपल्या हातानं. चित्र सहा फूट दोन इंचांवरूनच बघायचं. जवळ गेलं की पट्टे भांडतात, लांब गेलं की झोपतात. फरशीवर खडूची रेघ मारली.

७ जानेवारी
आमच्या हिनं, कावेरीनं, रेघ पुसली. "फरशी पुसायची का तुमची कला राखत बसायचं?" पुन्हा मारली. ऑइलपेंटनं.

१० जानेवारी
शेजारचा सुग्रीव आला. रेघ ओलांडून थेट चित्राला नाक लावलं! तरी म्हणाला, "आप्पा, लई भारी. मला द्या." एकोणीस वर्षांत पहिला माणूस! कुठं लावणार, विचारलं.
"हरभऱ्यात. रानडुकरं लई झालीत. साड्या बांधल्या, भीत न्हाईत. हे बघून माझं डोस्कं गरगरलं, डुकराचं का न्हाई गरगरायचं?"
हाकलला.

११ जानेवारी
कुणाशी बोललो नाही.

१३ जानेवारी
दिलं. कावेरी म्हणाली, "घरात तरी कोण बघतंय?" खरं आहे. दोन बांबूंना ओळंबा लावून बांधलं. सुग्रीव हसतो — "डुकराला सरळ-वाकडं कळतंय व्हय?" मला कळतं!

१८ जानेवारी
पाच दिवस डुक्कर फिरकलं नाही. गावभर बोभाटा. विमलबाईंना उसात लावायला एक हवंय, "जरा जास्त भेसूर काढा." भेसूर! सुग्रीव खूश, माझा जीव जळतो. थांबून बघायचं सोडून पळून जातात — ही काय दाद झाली?

२१ जानेवारी
सकाळीच सुग्रीवची हाक. रात्री कळप आला, अर्धा एकर हरभरा फस्त. सुग्रीव बांधावर डोकं धरून. चित्राला ओरखडा नाही. कालच पाणी दिलेलं, ओल्या मातीत खुरं स्पष्ट. मोजली — अकरा डुकरं. आधी सरळ चित्रासमोर आलेली, एका रांगेत थांबलेली. तिथली माती चांगलीच दबलेली. खाणं नंतर.
टेप खिशात होताच. सुग्रीवला म्हणालो, दुसरं टोक चित्राला धर. अशा वेळी म्हणू नये, कळतं. उठला, धरलं.
"किती?"
"सहा फूट दोन इंच."
त्यानं टेप सोडला. खुरांच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि चित्राकडं बघत राहिला. हरभऱ्याचं नाव काढलं नाही.